बिनविजेची पिन

“...तर यातला कोणता न्यावा, ते आपणच सांगावं, बुवा.”

श्रीरंगाने पिशवी उपडी केली. देवळातल्या सतरंजीवर तीन अ‍ॅडॅप्टर पडले, विलायती भोकांचा एक पांढरा बोर्ड पडला आणि त्यामागून इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची वायर.

यज्ञेश्वरबुवा सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

कृष्णाकाठच्या त्या राममंदिरात बुवा पन्नास वर्षे कीर्तन करीत आले होते. श्रीरंग सोवनी त्यांच्यापाशी अकरा वर्षे शिकला. आवाज चांगला, पाठांतर त्याहून चांगले. विद्येमागून तिची जाणीव येत असते. श्रीरंगाच्या बाबतीत जाणीव अंमळ आधी पोहोचली होती.

इंग्लंडातील एका मराठी मंडळाने त्याला रामनवमीच्या कीर्तनासाठी बोलावले होते. विमान दुसऱ्या दिवशीचे. परंतु गुरूंनी स्वमुखाने ‘जा’ म्हटल्यावाचून शिष्याने परमुलखात कीर्तनास उभे राहू नये, असा त्या परंपरेचा दंडक होता. बुवा महिनाभर ‘पाहू’ एवढेच म्हणत होते.

“तिकडची वीज निराळी?” बुवांनी विचारले.

“नाही. तीच. दोनशे तीस. भोकं तेवढी निराळी.”

“वीज तीच. मग अडलं कुठे?”

“आत शिरायला, बुवा.”

खांबापाशी दिगंबरपंत पेटीचा भाता पुसत होते. बुवांची साथ करण्यात त्यांचे केस पिकले होते.

“अकरा वर्षांत एवढं कळलं,” ते म्हणाले. “थोडं नाही.”

श्रीरंगाने तिकडे लक्ष दिले नाही. पहिला अ‍ॅडॅप्टर त्याने बुवांसमोर धरला.

“हा सर्वांत उत्तम. दीडशे देशांत चालतो.”

“तू किती देशांत चाललास?”

“एकाच.”

“मग बाकीचे एकशे एकोणपन्नास कुणाकरता?”

श्रीरंग हसला. बुवा हसले नाहीत. त्याने तो अ‍ॅडॅप्टर बाजूला ठेवला. का ठेवला, हे त्यालाही नीट सांगता आले नसते.

“आणि हा दुसरा...”

“तो अमेरिकेचा,” दिगंबरपंत म्हणाले. “माझ्या भाच्याकडे आहे तसला. बघून तरी घ्यायचास, शास्त्रीबुवा.”

दुसराही बाजूला गेला.

तिसरा बुवांनी स्वतः उचलला. एका अंगाला दोन गोल भोके. दुसऱ्या अंगाला तीन चपट्या पिना. खाली दोन आखूड, वर एक लांब.

“या वरचीतून काय जातं?”

“काही नाही. नुसती प्लॅस्टिकची आहे. वीज खालच्या दोहोंतून येते.”

“मग ही कशाला?”

“असते तशी. दिसायला तीन दिसाव्यात म्हणून.”

“शोभेची.”

“तसंच म्हणा.”

सुपारीचा एक तुकडा तोंडात टाकून बुवांनी तो सावकाश चघळला. मग म्हणाले, “मंडळानं वेळ किती दिलाय?”

प्रश्न कुठून कुठे गेला, ते श्रीरंगाला उमगले नाही. त्याने खिशातून कागद काढून सतरंजीवर पसरला.

“पाऊण तास. आखणी केली आहे. पूर्वरंग, मध्ये भजन, उत्तररंग, आरती. मिनिटांसकट.”

“ही पहिली ओळ खोडली आहेस.”

“ते नमन. आठ मिनिटं जातात त्यात.” श्रीरंग सावरून बसला. याचे उत्तर त्याने आधीच तयार ठेवले होते. “नमनात कथा नाही, निरूपण नाही. तिकडच्या मुलांना अर्थही लागायचा नाही. ऐकणाऱ्याच्या हाती काही पडत नाही, मग वेळ का दवडा? म्हणून काढलं.”

पेटीवरचा दिगंबरपंतांचा हात थांबला.

बुवांनी अडकित्ता उलटा करून त्याची मूठ श्रीरंगापुढे केली.

“काप.”

“काय कापू?”

“ती शोभेची पिन.”

“बुवा, उद्या विमान...”

“काही जात नाही ना तिच्यातून?”

“नाही.”

“मग काप.”

गुरूंची आज्ञा. श्रीरंगाने अडकित्त्यात पिन धरली आणि दाबली. टक् असा आवाज झाला. बुवांनी तुटलेला तुकडा उचलून कागदावर, त्या खोडलेल्या ओळीवर ठेवला. वाऱ्याने कागद उडू नये म्हणून ठेवला असावा, असे श्रीरंगाला वाटले.

“आता लाव.”

श्रीरंगाने अ‍ॅडॅप्टर बोर्डावर टेकवला. आत जाईना. जोर केला. जाईना. त्याने वाकून पाहिले. खालच्या दोन्ही भोकांत पांढरे पडदे आडवे आले होते.

“अंगठ्यानं नाही जायचं,” दिगंबरपंत म्हणाले. “अभंग म्हणून पाहा एखादा.”

श्रीरंगाने कानावरची पेन्सिल काढली. घरी दोन पिनांचा चार्जर तो असाच बसवी. वरच्या भोकात पेन्सिल खुपसायची की खालची वाट मोकळी होते. त्याने पेन्सिल खुपसली. पडदे सरकले. पण अ‍ॅडॅप्टर रुंद. तो पेन्सिलीला अडू लागला. पेन्सिल काढली. पडदे पुन्हा मिटले.

त्याने दोनदा खुपसली, दोनदा काढली.

“वरची आधी आत जाते,” तो हळूच म्हणाला. “तेव्हा खालची दारं उघडतात. ही पिन त्यासाठी असते, हे ध्यानातच आलं नव्हतं.”

“मग तिच्यातून काय जातं?”

“काही जात नाही...”

“काही जात नाही?”

“नाही, बुवा. खरंच काही जात नाही.”

“मग?”

श्रीरंगाने बोर्डाकडे पाहिले, कागदाकडे पाहिले, बुवांकडे पाहिले. बुवांनी दुसरी सुपारी घेतली होती.

“मी दुसरा विकत आणतो,” श्रीरंग अखेर म्हणाला. “बाजार उघडा आहे. असाच, तीन पिनांचा.”

“आण.”

त्याने वस्तू पिशवीत भरल्या. कागद उचलताना तो तुकडा घरंगळला. त्याने तो मुठीत घेतला. टाकावा की ठेवावा, हे त्याला ठरवता येईना. तो उठला, दारापर्यंत गेला, तिथूनच वळला. एवढ्या बोलण्यात जे विचारायला तो आला होता, ते राहूनच गेले होते.

“बुवा... मी जाऊ ना?”

बुवांनी आता प्रथमच मान वर केली. त्याच्याकडे असे पाहिले, जणू कुणी फार लांबून येताना दिसत आहे.

“जाशील,” ते म्हणाले. “आधी आत ये.”