मोठेपणीचं म्याव

ऊस या खोऱ्यात नुकताच आला होता, तेव्हाची ही गोष्ट. चिंगी नावाची घरमांजर आणि वाघाटी नावाची रानमांजर बांधावर भेटायच्या.

"एवढी घोडी झालीस, तरी पिल्लासारखी म्याव म्याव करतेस!" वाघाटी हिणवायची. "आमच्या रानात दूध सुटलं की म्याव करणंही सुटतं."

एक दिवस ऊसतोड सुरू झाली. वाघाटीची पिल्लं उसाच्या फडाच्या मधोमध होती आणि कोयते जवळ येत होते. वाघाटी फिसकारत मजुरांना आडवी गेली. बिबट्याचं पिल्लू समजून ते दगड घेऊन तिच्यामागे धावले.

मग चिंगी पुढे झाली. ऊस तोडणाऱ्या कोंडाबाईच्या पायाला अंग घासून तिने म्याव केलं. चार पावलं उसात जाऊन ती वळली आणि पुन्हा म्याव केलं. कोंडाबाई तिच्यामागून गेली आणि ओरडली, "थांबा, हितं पिल्लं हायेत! एवढा तुकडा उभा ऱ्हाऊ द्या. आई येऊन नेईल."

वाघाटीने हे सारं दुरून पाहिलं. ऊन उतरल्यावर तिने पिल्लं ओढ्याकाठच्या झुडपात हलवली. मग ती बांधावर आली आणि घसा खरवडत कसंबसं म्हणाली, "म्याव."

चिंगी हसली नाही. "रोज नको करूस," ती म्हणाली, "पण पिल्लांना म्याव विसरू देऊ नकोस."