चीनपेठेतली ढेप

तारकापूर नगरात अरिंजय राजा न्यायाने राज्य चालवीत होता, त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका चहाच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्माला आले होते. वडिलांच्या मागे दुकान तेच पाहत. नगराच्या उत्तर वेशीला लागून एक पेठ होती. चीनदेशाहून डोंगर ओलांडून येणारे तांडे तिथे उतरत, म्हणून तिला चीनपेठ म्हणत. तिथे रेशीम मिळे, चिनी मातीची भांडी मिळत; पण पेठेचे नाव झाले होते ते मुरलेल्या चहामुळे.

हा चहा रोजच्या चहासारखा नव्हे. पाने वाफवून, दाबून त्यांच्या गुळासारख्या ढेपी करतात, बांबूच्या सालीत बांधतात आणि कोरड्या, वारा खेळत्या कोठारात वर्षानुवर्षे मुरू देतात. लोणचे मुरते तसाच तो मुरतो. कोवळेपणीचा कडवटपणा जातो, रंग गडद तांबडा होतो, आणि घोट घेतला की पोटात ऊब पसरते. जितका जुना, तितका मोलाचा. आणि जुनेपणा डोळ्यांना दिसत नसल्यामुळे लबाडीला तिथे मोकळे रान होते.

नगरापासून दूर, डोंगरपायथ्याच्या एका गावात मेघवती नावाची बाई राहत असे. तिचे वडील कुंजरक तांड्यांचे वाटाडे होते. सगळा जन्म त्यांनी चीनच्या वाटेवर काढला होता. आता ते अंथरुणाला खिळले होते आणि त्यांच्या पोटात अन्न ठरत नव्हते. वैद्यांनी हात टेकले. कुंजरक तक्रार करणारे नव्हते, पण एकदा लेकीला म्हणाले की घाटमाथ्यावरच्या धर्मशाळेत जुना मुरलेला चहा देत, तो प्यायला की कसलेही बिघडलेले पोट शांत होई.

मेघवतीने तो चहा जन्मात चाखला नव्हता. तरीही ती निघाली. घरात विकण्याजोगे एकच होते, वडिलांचे शेवटचे खेचर. ते घेऊन ती चीनपेठेत आली आणि जे दुकान सगळ्यांत मोठे दिसले तिथे गेली.

ते दुकान भद्रघोषाचे होते. पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीचा, म्हणजे संघाचा, तो मुख्य. त्याने तिला गादीवर बसवले, वडिलांची चौकशी केली आणि स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला. चहा गडद आणि मऊ होता. घशाखाली उतरताच तिला वाटले, बाबा म्हणत होते तो हाच. ती मोकळेपणाने म्हणाली की तिला यातले काही कळत नाही, सर्व भरवसा त्यांच्यावर आहे. भद्रघोष हसला. त्याने आतून पिवळ्या पडलेल्या वेष्टनातली एक ढेप आणवली आणि बजावले की घरी पोहोचेपर्यंत ती सोडू नये, वारा लागला तर मुरलेपण उडून जाते. किमतीपोटी खेचर त्याच्या अंगणात बांधून मेघवती पायी परत निघाली. वाटेत तिने ढेप छातीशी धरली होती.

घरी तिने पाणी उकळले आणि चहा केला. कुंजरकांनी पहिला घोट घेतला व क्षणभर लेकीकडे पाहिले. मग पेला पुन्हा ओठांना लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. "छान आहे," ते म्हणाले.

पहाटेपर्यंत त्यांचे हाल पाहवत नव्हते. उलट्यांनी देह पिळवटून निघाला, ताप चढला आणि आवाज बसला. मेघवतीने ती ढेप उंबऱ्यावर आपटून फोडली. वरची पाने काळी, सुरेख दिसत होती. आत हिरवी-पांढरी बुरशी भरली होती आणि ओल्या तळघराचा वास येत होता. कोवळी पाने भिजवून, ओल्या पोत्यांखाली कुजवून काळी केलेली होती आणि वेष्टनाला धुराने पिवळे केले होते. तेव्हा तिला दुसरी गोष्ट उमगली आणि ती जास्त लागली. ज्याने आयुष्यभर खरा चहा प्यायला, त्याला पहिल्या घोटातच कळले होते. लेक एवढ्या लांबून घेऊन आली, तिचे मन मोडू नये, म्हणून बाबा ते विष गोड मानून प्यायले.

तिला रडू आले नाही. शेजारणीला वडिलांजवळ बसवून, फुटलेली ढेप वेष्टनासकट फडक्यात बांधून ती पुन्हा नगराची वाट चालू लागली.

भद्रघोषाने तिला ओळखले, पण या वेळी गादीवर बसवले नाही. ढेपीचा तुकडा नाकाशी धरून तो शांतपणे म्हणाला, "बाई, जुन्या चहाचा वास असाच असतो. सवय नसलेल्याला तो सडका वाटतो. तुम्ही नवख्या आहात, यात तुमचा दोष नाही."

दुकानातली गिऱ्हाइके हसली. मेघवतीचा चेहरा पेटला, कारण त्या हसण्यात तिच्या वडिलांनी भोगलेल्या त्या रात्रीचीही थट्टा होती. ती शेजारच्या दुकानात गेली, मग त्यापुढच्या. कोणी तुकडा हातात घेऊन लगेच खाली ठेवला, कोणी वासही घेतला नाही. श्रेणीचा नियम होता की एकाच्या मालाला दुसऱ्याने गिऱ्हाइकासमोर खोटे म्हणायचे नाही. सगळ्यांना दिसत होते आणि सगळे गप्प होते. लबाडाचा तिला जेवढा राग आला होता, त्याहून जास्त या सभ्य माणसांचा आला.

पेठेच्या टोकाला बोधिसत्त्वांचे लहानसे दुकान होते. ती तिथे शिरली ती भांडायच्या तयारीनेच. बोधिसत्त्वांनी तिचे सगळे ऐकून घेतले. ढेप हुंगली, बुरशी बोटाने चोळून पाहिली, मग वेष्टनाची दोरी हातात घेतली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या वर्षी हिमवादळामुळे उत्तरेचा तांडा आला नव्हता. म्हणून त्यांनी भद्रघोषाकडूनच ढेपी घेऊन कोठार भरले होते. त्या ढेपींच्या दोरीची गाठ हीच होती. त्यांनी कोठारातली एक ढेप आणून तिच्यासमोर फोडली. आत तीच बुरशी होती.

"बाई, हा चहा खोटा आहे," बोधिसत्त्व म्हणाले. "माझ्याकडचाही."

पेठेत हे शब्द तिच्याशी बोलणारे ते पहिलेच. बोधिसत्त्वांच्या पत्नीने तिला आत नेले, भात वाढला आणि मागच्या खोलीत निजायची सोय केली.

संध्याकाळी भद्रघोष स्वतः आला. भिंतीपलीकडून मेघवतीला त्याचा प्रत्येक शब्द ऐकू येत होता. कोठारातला सगळा माल गुपचूप बदलून त्याजागी खरा जुना चहा देतो, असे तो म्हणत होता. पुढल्या वर्षी श्रेणीचे मुख्यपदही बोधिसत्त्वांनाच मिळेल. फक्त त्या बाईला समजूत घालून गावी पाठवावे. नाहीतर श्रेणी त्यांना बाहेर काढील आणि एकही तांडा त्यांच्या दारी माल उतरवणार नाही.

"आणि तिच्या वडिलांचं काय?" बोधिसत्त्वांनी विचारले.

"ते म्हातारे आहेत," भद्रघोष म्हणाला.

त्यानंतर बोधिसत्त्वांचे उत्तर ऐकू आले नाही. दार लागल्याचा आवाज तेवढा आला. मेघवतीला वाटले, झाले, हाही त्यांच्यातलाच. तिने आपले गाठोडे बांधून ठेवले.

सकाळी ती बाहेर आली तेव्हा दुकान रिकामे होते. बोधिसत्त्व ढेपींनी भरलेली हातगाडी स्वतः ओढत चौकाकडे निघाले होते. चौकात त्यांनी एकेक ढेप दगडावर आपटून फोडायला सुरुवात केली. लोक जमले. कुबट वास पेठभर पसरला. श्रेणीचे व्यापारी धावत आले आणि नियमाची आठवण देऊ लागले. बोधिसत्त्वांचे हात थांबले नाहीत; ढेपी फोडता फोडताच ते बोलू लागले.

"ज्याला चहा कळतो तो स्वतःला सांभाळतो. ज्याला कळत नाही तो आपल्या तोंडाकडे पाहून विकत घेतो. त्या भरवशावर ही पेठ चालते. आणि आपण नवख्यालाच गाठून कुजका माल त्याच्या पदरात बांधतो, वर त्याला अडाणी म्हणून हसतो. हा माल माझ्या कोठारात होता. मी तो न फोडता विकणार होतो. म्हणून आधी माझाच फोडतो आहे."

गोष्ट राजापर्यंत गेली. अरिंजय राजाने सगळ्यांना सभेत बोलावले. भद्रघोष घाबरला नाही. तो म्हणाला की चव ही सरावाची गोष्ट आहे. या बाईने जन्मात एकदा हा चहा प्यायला, तिच्या साक्षीला किंमत काय? आणि या व्यापाऱ्याला मुख्यपदाची हाव सुटली आहे. त्याचे बोलणे इतके सराईत होते की सभासद माना डोलवू लागले.

राजाने मेघवतीकडे पाहिले. ती पुढे आली. तिने फडके सोडले, उरलेली ढेप सभेत ठेवली आणि गरम पाणी मागितले. चहा करून तिने पेला भद्रघोषासमोर धरला.

"मला कळत नाही, हे खरं आहे," ती म्हणाली. "तुम्हाला कळतं. मग हा तुम्ही प्या."

भद्रघोषाने पेल्याकडे पाहिले. नाही म्हणावे तर खोटे उघडे पडत होते. इतक्या लोकांसमोर मान खाली घालणे त्याला मरणाहून कठीण वाटले. त्याने पेला घेतला आणि ओठांपर्यंत नेला. मेघवती डोळे न हलवता पाहत होती. त्याने तो प्यावा, शेवटच्या थेंबापर्यंत प्यावा, असे तिला मनापासून वाटत होते.

तेवढ्यात बोधिसत्त्व पुढे झाले आणि त्यांनी पेल्यावर तळहात ठेवला. "पिऊ नका, श्रेष्ठी," ते म्हणाले. "बाधेल."

मेघवती संतापाने त्यांच्याकडे वळली. याला का वाचवता, असे तिने विचारले. बोधिसत्त्व तिला हळूच म्हणाले, "तुमच्या वडिलांच्या पेल्यावर हात ठेवायला कुणी नव्हतं, बाई."

भद्रघोषाने पेला खाली ठेवला. मग सगळ्यांसमोर तो खाली बसला आणि त्याने आपल्या तळघरांची माहिती एकेक करून सांगून टाकली.

राजाने ती तळघरे रिकामी करवली आणि भद्रघोषाला मुख्यपदावरून दूर केले. श्रेणीचा तो गप्प राहण्याचा नियम मोडीत काढला. पेठेसाठी नवी रीत घातली गेली: गिऱ्हाईक जी ढेप घेईल तीच त्याच्यासमोर फोडायची, तिचाच चहा करायचा, आणि पहिला घोट विकणाऱ्याने घ्यायचा. पुढे कोणी नवखा वाटसरू खरा मुरलेला चहा कुठे मिळेल असे विचारी, तेव्हा लोक त्याला दुकानाचे नाव सांगत नसत. जो आधी स्वतः पितो त्याच्याकडून घ्या, असे सांगत.

बोधिसत्त्वांच्या घरी वडिलांच्या वेळची एक ढेप उरली होती. तिचा तुकडा त्यांनी मेघवतीला दिला आणि भद्रघोषाच्या अंगणातून तिचे खेचरही सोडवून आणले. ती घरी पोहोचली तेव्हा कुंजरक जिवंत होते. पहिला घोट घेताच त्यांनी डोळे मिटले. छान आहे, असे ते या वेळी म्हणाले नाहीत. त्यांनी पेला पुन्हा पुढे केला.

मेघवतीने भद्रघोषाला कधीच क्षमा केली नाही. पण त्याने तो पेला प्यायला हवा होता, असेही पुढे तिला वाटेनासे झाले.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा विहारात सांगितली ती एका उपासिकेसाठी. आजारी भिक्षूला तिने विकत आणून दिलेल्या तुपात भेसळ निघाली होती आणि आपल्याला आलेला राग हे पाप आहे काय, असे ती विचारीत होती. शास्ते म्हणाले, "त्या जन्मीची मेघवती तू होतीस. आज अंथरुणावर असलेला हा भिक्षू तेव्हाचा कुंजरक. भद्रघोष म्हणजे तुला तूप विकणारा तो वाणी, अरिंजय राजा म्हणजे माझा शिष्य आनंद, आणि स्वतःची ढेप आधी फोडणारा व्यापारी मीच होतो. दुसऱ्याची फसवणूक पाहून जो पेटत नाही त्याच्या हातून सत्य घडत नाही. पण फसवणाऱ्याच्याही पेल्यावर हात ठेवता आला, तरच ते सत्य पूर्ण होतं. मी तेव्हा आचरली ती ही सत्यपारमिता, सत्याची पूर्णता."