थांबलेला माग

पूर्वी चंपकनगरात दंडसेन राजाचे राज्य असताना बोधिसत्त्वाने कोष्ट्यांच्या आळीत जन्म घेतला आणि पुढे तो त्या आळीचा मुखिया झाला.

राजाला आपल्याविरुद्धचा शब्द खपत नसे. बोलणाऱ्याला शिपाई धरून नेत आणि नेलेला परत येत नसे. म्हणून बोधिसत्त्वाने आळीला एक रीत घालून दिली. शिपाई दिसताच आळीच्या तोंडच्या घरातल्या सुमुखाने माग थांबवायचा. त्याचा खटखटाट थांबला की शेजाऱ्याने थांबवायचा, मग त्याच्या शेजाऱ्याने. आळी गप्प झाली की ज्याला भीती असेल त्याने परसदारातून नदीकडे निघून जायचे. या रीतीने कितीतरी माणसे वाचली.

पण भांड्याला भांडे लागतेच. बोधिसत्त्वाचा मुलगा कंदर याच्या शेळीने, सुमुखाने खळ लावून वाळत घातलेला, मागावर चढवायचा सुताचा ताणा चघळून टाकला. दोघांचे बोलणे तुटले. अशातच कंदर भर बाजारात राजाच्या जुलमाविषयी बोलला आणि शिपाई आळीत शिरले. सुमुखाने त्यांना पाहिले. कंदराची जरा खोड मोडेल, एवढाच विचार त्या वेड्याच्या मनात आला आणि त्याने मागाचा धोटा चालूच ठेवला. माग वाजत होते, म्हणून कंदर निवांत जेवत बसला होता. शिपायांनी त्याला भरल्या ताटावरून उठवून नेले. तो परत आला नाही.

आळीने सुमुखाला हाकलून द्यायचे ठरवले. तो मान खाली घालून बसला होता.

बोधिसत्त्व म्हणाला, "पोरगा माझा गेलाय. ज्याचं जळतं त्याला कळतं. पण ह्याला हाकललं, तर उद्या तुमच्या पोरांसाठी माग कोण थांबवील? ह्याच्याइतकं डोळ्यांत तेल घालून आता दुसरं कुणी बसायचं नाही."

सुमुख राहिला.

काही काळाने शिपाई आळीतल्या रंगाऱ्याच्या मुलीला धरायला आले. सुमुखाचा माग थांबला, मग शेजारचा, मग सगळेच. मुलगी नदीपार गेली आणि शिपाई हात हलवत परतले. आळीला आनंद झाला. बोधिसत्त्व मात्र मागावरच्या कापडात तोंड खुपसून रडला. एवढीशी शांतता कंदराला पुरली असती.

आजारी सोबत्याला रागापोटी पाणी न देणाऱ्या एका भिक्षूला शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली आणि ते म्हणाले, "तेव्हाचा सुमुख तू होतास. आज तहानलेला पडलेला तुझा सोबती कंदर होता, आणि त्याचा बाप मी होतो."

भिक्षू पाण्याचे भांडे घेऊन उठला.

क्षमेने कंदर परत आला नाही, पण आळी राहिली. म्हणून क्षांतीला, म्हणजे अशा क्षमेला, पारमिता, बोधिसत्त्वाचा परमगुण, म्हणतात.