हम्मूने सोडलेला दोर

मोरोक्कोतल्या ॲटलासच्या डोंगरांत गाडीवाट नव्हती आणि मीठसुद्धा खेचराच्या पाठीवर बसून यायचं, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या बर्बर लोकांच्या एका गावात हम्मू नावाचा खेचरवाला होता. भारी चौकस गडी! ढग इकडूनच का आले, बकरी तिकडे काय बघतेय, सगळं त्याला कळायला हवं. वाटेतला दगडसुद्धा तो उलटून बघायचा, म्हणून त्याचा तांडा सगळ्यांत शेवटी पोचायचा, असं म्हणतात.

त्याची एकुलती लेक इट्टो खिंडीपलीकडच्या गावात नांदत होती. ऐन हिवाळ्यात निरोप आला, इट्टो अडलीय, बाळ आडवं आलंय. हम्मूने तुडा नावाच्या म्हाताऱ्या सुईणीला खेचरावर बसवलं आणि दोर धरून तडक निघाला.

खिंडीच्या तोंडाशी खेचर थांबलं. हम्मूने दोर ओढला, चुचकारलं, शेवटी काठीही उगारली. ते जागचं हलेना.

"अरे, लेक तिकडे मरणाच्या दारात आहे, ओढ की त्याला!" तुडा ओरडली.

हम्मूच्या काळजाचं पाणी झालं होतं, पण सवय कुठे जाते?

"थांब गं माय," तो म्हणाला, "याला काय ऐकू येतंय ते बघू दे."

खेचराच्या कानाला कान लावून त्याने श्वास रोखला. बर्फाखाली पाणी वाहत होतं! वाट नुसती वरवरची, खाली सगळं पोकळ.

आता तिथे चढणीवर दोर सोडणं म्हणजे खेचरवाल्याने अब्रू सोडणं. पण हम्मूने दोर सोडला आणि शेपटी धरली.

"जा बाबा, तूच ने."

खेचर सरळ कड्याकडे वळलं. जिथे खूर पडेल तिथे खडक पायरीएवढा पुढे सरकत गेला, असं म्हणतात. तुडाने डोळे गच्च मिटले. हम्मूला मात्र बघितल्याशिवाय राहवेना. मागे खिंडीतलं बर्फ धडाडून खचलं.

उन्हं कलायच्या आत ते पोचले. तुडाने बाळ फिरवलं, मुलगी झाली, आणि इट्टो वाचली. हम्मू उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडला.

आजही तिथे बाईला कळा सुरू झाल्या की घरचा माणूस आधी गोठ्यात जाऊन खेचराचा दोर सोडतो. बाळ रडेपर्यंत त्या खेचराला हम्मूच म्हणायचं आणि कोणी अडवायचं नाही. ते शेजाऱ्याच्या शेतात शिरून कोवळे जव ओरबाडू लागलं, तरी शेजारी बांधावर गप्प उभा राहतो, त्या घराकडे कान लावून. रडण्याचा आवाज आला, की मगच ओरडतो, "हम्मूचं पोट भरलं रे! आता बांधा त्याला!"