एकविसावा मोदक

संकष्टीच्या नैवेद्याचे एकवीस मोदक मोजले, तर वीसच भरले! रायवळचे राजे हैबतराव लगेच कामाला लागले. गुप्तहेरांच्या गोष्टी वाचून त्यांचं डोकं आधीच फिरलेलं होतं.

ऐन उन्हाळ्यात लांब कोट चढवून, हातात भिंग घेऊन ते तपासाला निघाले. राणीसाहेबांच्या पदराचा वास घेतला. मेहुण्यांच्या मिशीला तूप लागलंय का, ते पाहिलं. शेवटी स्वतःच्या आईलाच विचारलं, "सकाळी दहा वाजता आपण कुठे होता?"

"जपाला बसले होते," मांसाहेब म्हणाल्या. "तुला सद्बुद्धी मिळावी म्हणून."

मग राजांनी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं आणि स्वयंपाकीण द्वारकेकडे बोट दाखवलं. "मोदक हिने वळले, देवघरात हिनेच नेऊन ठेवले. चोर हीच."

"सरकार, अकरा वर्षं या घरी रांधतेय मी."

"मग दिवेलागणीच्या आत खरा चोर दाखव. पण कुणाला एकही प्रश्न विचारायचा नाही. तो मान तपास करणाऱ्याचा. नाही जमलं, तर गाठोडं बांध."

दोन लेकरं घेऊन द्वारका जाणार कुठे? क्षणभर तिने राजांकडे पाहिलं आणि पदर खोचला.

"दिवेलागण कशाला, सरकार? आत्ताच निकाल लावते. आपल्या रीतीने एकवीस मोदकांत वीस गोड असतात आणि एक मिठाचा. मिठाचा ज्याच्या तोंडी येईल, त्याने तिथेच हात धुवायचा, पुढे घास नाही. चोराने नेमका तोच खाल्लाय. तेव्हा आज चंद्रोदयाला सगळे पानावर बसतील, तो तेवढा उपाशी राहील. बाकी त्याचं तो आणि गणपती बघून घेतील."

"उपाशी काय म्हणून?" हैबतराव ताडकन उठले. "मिठाचा कुठला? चांगला गोड होता. वेलदोडासुद्धा लागला!"

सगळ्यांच्या माना राजांकडे वळल्या.

"म्हणजे उपासही मोडलास," मांसाहेब म्हणाल्या.

राणीसाहेबांना हसू आवरेना. राजांचे कान लाल झाले. तरी त्यांनी शेवटचा प्रश्न विचारलाच, "पण गेलेला मोदक मिठाचा की गोड, हे तुला कळलं कसं?"

"नाहीच कळलं, सरकार. सगळे एकसारखेच वळलेत. कुणीतरी चव सांगेल म्हणून थांबले होते."

हैबतराव इतके हसले की कोटाचं बटण तुटलं. बोटातली अंगठी काढून त्यांनी द्वारकेच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "आजपासून मुदपाकखाना जन्मभर तुझा. आणि माझं पान जरा लवकर मांड."