टोपलीतल्या खडावा

“यातल्या तुमच्या कुठल्या, बुवा?”

मुकुंदा टोपलीपुढे उकिडवा बसून विचारत होता. दस्तगीरचाचांच्या जुन्या सामानाच्या दुकानातली ती टोपली खडावांनी काठोकाठ भरली होती. कुठलीशी नाटक कंपनी बुडाली आणि तिच्या झाडून साऱ्या ऋषीमुनींच्या खडावा चाचांकडे आल्या. कालपासून त्यांतच मिसळल्या होत्या मठातल्या पादुका.

त्या इथं पाठवल्या कुणी? खुद्द मठाच्या काशीबुवांनी! मठातली अडगळ काढताना फुटक्या समईबरोबर पादुकाही धुऊनपुसून देऊन टाकल्या. आणि उद्या गुरुपौर्णिमा. मुकुंदाच्या तोंडचं पाणी पळालं. रोज पहाटे त्या पादुकांना चंदन लावायचा मान त्याचा, आणि त्या मानाचा तोरा तो मठभर मिरवायचा. “जरा भराभर चला ना, बुवा,” असं वाटभर करवादत त्यानं म्हाताऱ्याला इथवर आणलं होतं.

“पूजा तू करतोस,” बुवा म्हणाले. “तूच ओळख.”

ते न्हाव्याच्या फिरत्या खुर्चीत बसून मजेत दुकान न्याहाळत होते. घोड्याच्या तोंडाचा अडकित्ता... पेंढा भरलेला मोर... कर्णा हरवलेला ग्रामोफोन. जत्रेत आल्यासारखा आनंद चेहऱ्यावर.

“डोळे मिटून ओळखेन!” मुकुंदानं एक जोडी उचलली. ठेवली. दुसरी उचलली...

“खुंट्या शिंगाच्या होत्या की लाकडाच्या?” चाचांनी विचारलं.

“त्यांवर... फुलं असायची.”

“बरं, झिजल्या होत्या कुठं? टाचेला?”

पादुकांना चंदनही तो रोज डोळे मिटूनच लावत आला होता. कानाच्या पाळ्या तापल्या त्याच्या. इतकी लाज त्याला आजवर कधी वाटली नव्हती.

मग त्याला एकदम युक्ती सुचली.

“बुवा, पाय दाखवा. पायावरून खडाव कळेल.”

बुवांनी पाय पुढं केले. मुकुंदानं एक पाऊल मांडीवर घेतलं.

बुवा अनवाणी हिंडत. पूर्वी कधीतरी खडावा घालत असतील, असं मठात सगळे धरूनच चालले होते. घालणाऱ्याच्या अंगठ्याच्या बेचक्यात खुंटीचा घट्टा पडतो, एवढं मुकुंदालाही ठाऊक होतं. त्यानं बेचक्यात बोट फिरवलं. कातडी मऊ होती. त्यानं दुसरं पाऊल घेतलं, तिथंही तेच.

“बुवा... तुम्ही खडावा कधी घातल्याच नाहीत?”

“नाही. लोकांना पुजायला काहीतरी हवं होतं. याच्या अब्बांनी याच दुकानातून दिल्या.”

चाचा मान हलवून हसले.

मुकुंदाला मात्र हसू आलं नाही. त्याला रडूच कोसळायचं बाकी होतं.

“मग इतकी वर्षं मी पुजले, ते पाय कुणाचे?”



मुकुंदाच्या हातातलं पाऊल बुवांनी हळूच उचललं आणि टाच त्याच्या डोळ्यांसमोर धरली. ती लालबुंद सुजली होती.

“ते मग बघू,” बुवा म्हणाले. “आधी हा काटा काढ. परवापासून सलतोय.”