गेनबाची बादली आणि साहेबांची मीटिंग

नांदरवाडीच्या दूध संस्थेत गेनबा नावाचा एक भोळा शिपाई होता. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. सगळी भानगड तिथंच होती.

संस्थेचे बहुतेक संचालक पुण्याला राहायचे. म्हणून मीटिंगा कॉम्प्युटरवर व्हायच्या. पहिल्याच मीटिंगला गेनबा मध्येच बोलला. नांदरवाडी केंद्राच्या प्रमुख पारूआक्का म्हणाल्या, "गेनबा, हितं बोलायचं आसंल तर हात वर करायचा. नाव घेतलं की बोलायचं. जो गप्प, त्याचा होकार धरत्यात."

दुसऱ्या दिवशी एक म्हैस संस्थेत शिरली आणि पेंडीच्या पोत्याला भिडली. गेनबाने हात वर केला. कुणी नाव घेतलं नाही. म्हशीने पोतं संपवलं.

"आरं मुडद्या, समोर दिसतंय तर लगेच बोलायचं!"

"बरं आक्का."

पुढच्या मीटिंगला, ती चालवणारे पुण्याचे मोठे साहेब खिडकीचा पडदा ओढायला उठले. गेनबा लगेच बोलला, "सायेब, वर कोट आन् खाली पट्ट्याची चड्डी?" संचालक फिदीफिदी हसले. साहेबांनी मीटिंगच बंद केली.

"चारचौघांत बोलत्यात व्हय आसलं?" आक्का कडाडल्या. "ज्याचं त्याला, एकट्याला, मोबाइलवर लिहून कळवायचं!"

"बरं आक्का."

मग एकदा गावातले बाबूतात्या संस्थेच्या ओट्यावर विडी ओढता ओढता पेंगले आणि त्यांचं धोतर पेटलं. गेनबा शेजारीच होता. त्याने सावकाश लिहिलं, 'आपल्या धोतरास आग लागली आहे. कळावे.' मोबाइल वाजताच तात्या दचकून उठले, चष्मा शोधला, पुसला, वाचलं, आणि बोंबलत हौदात उडी घेतली.

"आग दिसली की बोलायचं नाय, लिहायचं नाय. पाणी मारायचं!"

"बरं आक्का."

अखेर मोठी मीटिंग आली. दूध थंड ठेवायचं नवं यंत्र नांदरवाडीत बसवायचं की संस्थेतल्याच बोरखेडी गावात, ते ठरायचं होतं. उन्हाळ्यात नांदरवाडीचं दूध रोज नासत होतं. यंत्र मिळालं नाही तर इथलं केंद्र बंदच पडणार होतं. आणि ठरवणार होते ते लोक, ज्यांनी कित्येक वर्षांत दोन्ही गावांत पाय ठेवला नव्हता.

आक्का बोलायला सरसावल्या. तेवढ्यात पुण्यात साहेबांच्या मागे त्यांच्या बायकोने समई लावली. ज्योत नेमकी साहेबांच्या टकलावर दिसली. गेनबाने भरून ठेवलेली पाण्याची बादली उचलली आणि अख्खी कॉम्प्युटरवर ओतली.

चित्र गेलं. इकडचं बोलणं तिकडे जाईना, तिकडचं तेवढं ऐकू येत राहिलं. तसं ते नेहमीचंच होतं.

"नांदरवाडीचं काय म्हणणं?" साहेबांचा आवाज आला. "गप्प आहेत. म्हणजे होकार. यंत्र बोरखेडीला. एकमताने मंजूर!"

"आवो थांबा! थांबा!" आक्का ओल्या कॉम्प्युटरवर ओरडल्या.

गेनबाला त्यांची कीव आली. तो हळूच म्हणाला, "आक्का, आसं मधीच बोलत्यात व्हय? हात वर करा."